सोपेपणा कोणाच्या बाजूचा?



२०२३ च्या खरिपात महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्याला एका रुपयात पीक विमा दिला. त्यापूर्वी सोयाबीनसारख्या पिकाच्या विम्यात शेतकऱ्याचा वाटा विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत असे. तो राज्याने आपल्या शिरावर घेतला. शेतकऱ्याने नाममात्र रुपया भरून संकेतस्थळावर नोंदणी करावी, एवढेच उरले. हेतू चांगला होता. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचे वर्षाचे गणित बहुतांशी सोयाबीनवर बेतलेले असते आणि ऑगस्टमधील पावसाचा एक खंड किंवा काढणीच्या तोंडावर आलेला एक मुसळधार आठवडा ते गणित पुसून टाकतो. अशा प्रदेशाला हा मोठाच दिलासा होता. २०२२ च्या खरिपात राज्यातून सुमारे ९६ लाख विमा अर्ज आले होते. २०२३ मध्ये ते १ कोटी ७० लाखांच्या घरात गेले.

या वाढीत, पूर्वी हप्ता परवडत नाही म्हणून बाहेर राहिलेले खरे शेतकरी होतेच. पण त्यांच्या आडून आणखी बरेच काही आत आले. शासकीय जमिनीवर विमा उतरवला गेला, अकृषक जमिनीवर उतरवला गेला, देवस्थानांच्या जमिनीवर उतरवला गेला. ज्याचे शेत त्याला पत्ता नाही आणि दुसऱ्याच कोणाच्या नावे त्या गटावर अर्ज दाखल, असेही घडले. कागदावर विमा उतरवलेले क्षेत्र प्रत्यक्ष पेऱ्याहून मोठे झाले. जानेवारी २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सुमारे ४ लाख अर्ज बाद केल्याचे सांगितले. हे अर्ज मुख्यतः सेवा केंद्रांतून भरले गेले होते, आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. भरणाऱ्याचा रुपया, भरून देणाऱ्याचे चाळीस. जिथे अर्जाच्या संख्येवर मोबदला आहे आणि अर्ज करणाऱ्याला काही गमवायचे नाही, तिथे अर्ज वाढले याचे आश्चर्य कशाला?

पूर्वीचा तो हजार-बाराशेचा हप्ता केवळ पैसा नव्हता. तो भरताना शेतकरी एकदा थांबत असे. कोणत्या गटात काय पेरले, किती पेरले, यंदा विमा घ्यावा की नाही, याचा तो घरात बसून विचार करीत असे. त्या थांबण्याने काही काम होत होते. संगणकाच्या रचनेत मात्र असे थांबणे म्हणजे निव्वळ अडथळा मानला जातो आणि तो दूर करणे ही प्रगती ठरते. स्टीव्ह क्रुग या अमेरिकी लेखकाचे संकेतस्थळांच्या रचनेवरील पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. ते या व्यवसायात आजही वाचले जाते. त्याचे नाव ‘डोन्ट मेक मी थिंक’, म्हणजे मला विचार करायला लावू नका. बटण कोठे आहे हे शोधण्यात माणसाची शक्ती वाया जाऊ नये, इतकाच लेखकाचा आशय होता आणि तो रास्त होता. पण बाजाराने शीर्षकच तेवढे उचलले.

विम्याच्या त्या व्यवहारात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अर्ज करणे पाच मिनिटांचे काम होते. नुकसान झाल्यावर मात्र ७२ तासांच्या आत, गट क्रमांकासह, ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर पूर्वसूचना द्यावी लागे. शेत पाण्याखाली, गावची वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही आणि तिकडे घड्याळ चालू. आत येण्याचा दरवाजा हत्तीला पुरेल एवढा आणि पदरात पडण्याची वाट सुईच्या नेढ्याएवढी! सोपेपणाबद्दल बोलताना हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो, की तो कोणत्या टोकाला ठेवला आहे आणि त्याचा लाभ कोणाला होतो?

पुढे काय झाले ते या भागाला ठाऊक आहे. गैरप्रकार आणि वाढता खर्च यांमुळे एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना गुंडाळली. २०२५ च्या खरिपापासून खरीप पिकांसाठी दोन टक्क्यांचा हप्ता परत आला. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. इथवर योग्यच. पण त्याबरोबर स्थानिक नैसर्गिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे निकषही वगळले गेले आणि केवळ पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर भरपाई ठरू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावे पाण्याखाली गेली. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणा काठच्या शिवारांतून माती वाहून गेली. ज्याने आपल्याच शेतावर, आपल्याच पिकाचा, खरा अर्ज केला होता, त्याच्या हातून स्थानिक आपत्तीचे संरक्षण नेमके त्या वर्षी सुटलेले होते. शासनाने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले ही गोष्ट वेगळी. ती मदत होती, विम्याचा हक्क नव्हता. अतिसुलभतेचा गैरफायदा एक जण घेतो आणि त्यानंतर येणाऱ्या कडक नियमांचा भार दुसराच वाहतो.

शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शिवारात जाण्याचा त्रास वाचावा म्हणून कृषिपंपांना ‘ऑटो’ बसवले गेले. वीज आली की पंप आपोआप सुरू. साप-विंचवाच्या अंधारात जाणे वाचले, ही सोय खरीच. तिची चेष्टा कोणी करू नये. परंतु वीज येताच एका डीपीवरील सगळेच पंप एकाच क्षणी सुरू होतात, भार झेपत नाही आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरणला वारंवार करावे लागते ते यासाठीच. शिवाय पाणी पुरेसे झाले की नाही हे पाहायला बांधावर कोणी नसल्यामुळे मोटर चालतच राहते. मोटेने पाणी ओढणाऱ्या पिढीला विहिरीतले पाणी किती खाली गेले हे बैलांच्या चालीवरून कळत होते. बटणाला ते कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामागे सलग दुष्काळ होता, कोरडे पडलेले मांजरा धरण होते आणि हा बेहिशेबी उपसाही होता.

योगायोग असा की पाण्याची ती पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली आणि तिच्या आदल्याच दिवशी मुंबईत यूपीआय या देयक प्रणालीची घोषणा झाली होती. पाणी बटणावर येऊन बराच काळ लोटला होता. आता पैसाही बोटावर आला. यूपीआय ही भारतीय बुद्धिमत्तेची अभिमानास्पद निर्मिती आहे, याविषयी दुमत नसावे. नांदेडच्या वजिराबादेतील दुकानदारापासून उदगीरच्या भाजीवाल्या मावशींपर्यंत सर्वांच्या हाती ती आली. मात्र या प्रणालीची खरी शहाणीव तिच्या वेगात शोधू नये. ती तिच्या पिनमध्ये आहे.

याला इतिहास आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डावरील ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली. त्या वेळी पाश्चात्त्य जगात कार्डावरचे आकडे टाकले की खरेदी पूर्ण होत असे. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने तर एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९९ सालीच मिळवले होते. भारताच्या नियमावर व्यापारी वर्तुळातून टीका झाली. २०१४ मध्ये उबर ही टॅक्सी कंपनी परदेशी मार्गाने पैसे वळते करून ही दुसरी खातरजमा टाळत असल्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हाही रिझर्व्ह बँक हटली नाही. कंपनीलाच आपली पद्धत बदलावी लागली. युरोपीय संघाने अशीच दुहेरी खातरजमा २०१९ पासून लागू करण्यास सुरुवात केली. ज्याला मागासलेपण म्हटले गेले तो उंबरठा होता. उंबरठा माणसाला अडवत नाही, पाऊल उचलायला लावतो.

आणि उंबरठ्याची उंचीही विचारपूर्वक ठरवता येते. यूपीआय लाइट या सोयीत लहान रकमेला पिन लागत नाही, पण त्या पाकिटात ठेवता येणाऱ्या रकमेलाच मर्यादा आहे. चहाचे दहा रुपये देताना पिन नको आणि जन्माची पुंजी जाताना मात्र हवा. याउलट जिथे हा विवेक सुटला तिथे ठग शिरले. पैसे मागणारी ‘कलेक्ट’ विनंती समोरच्याच्या मोबाइलवर अशा काही रूपात येई, की वृद्ध माणसाला वाटावे, पैसे येत आहेत. पिन टाकताच ते जात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही एक गोष्ट घरातील प्रत्येक ज्येष्ठाला पाठ असायला हवी. व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्यांची सोय राष्ट्रीय देयके महामंडळाने अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. एक सोय काढून घेतल्याने प्रणाली अधिक चांगली झाली, असे हे उदाहरण आहे.

कर्जाच्या बाबतीत तर या प्रश्नाची धार कुटुंबाच्या गळ्याशी येते. मराठवाड्यातील बचत गटाचा व्यवहार आठवावा. कर्ज हवे असलेली भगिनी मासिक बैठकीत दहा-पंधरा जणींसमोर कारण सांगते. कशाला हवे, किती हवे, कसे फेडणार? मागच्याचे दोन हप्ते राहिलेत ना, असेही कोणी म्हणते. संकोच वाटतो. वेळ जातो. कधी बैठक रविवारवर ढकलली जाते. कागदावर पाहिले तर ही पद्धत संथ आणि अकार्यक्षम वाटेल. पण त्या संकोचात अनेक अनावश्यक कर्जे विरून जातात आणि खऱ्या अडचणीतल्या भगिनीच्या पाठीशी सारा गट उभा राहतो. आता दुसरीकडे मोबाइलवरचे तत्काळ कर्ज पाहावे. रात्री अकरा वाजता, कोणालाही न सांगता, अंगठ्याच्या दोन हालचालींत रक्कम खात्यात. संकोच नाही, प्रश्न नाही, साक्षीदारही नाही. वसुलीच्या वेळी मात्र साऱ्या आप्तेष्टांना फोन जातात, कारण कर्ज घेताना न वाचता दिलेल्या परवानगीत मोबाइलमधील सर्व क्रमांक देऊन झालेले असतात. घेताना गुप्त, फेडताना जाहीर.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेली सुमारे ११०० कर्ज ॲप आढळली; त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले आणि २०२५ मध्ये ते अधिक एकत्रितपणे पुन्हा काढले गेले. मोबाइलमधील संपर्क यादीत डोकावण्यास बंदी झाली. कर्जदाराला विचार बदलण्यासाठी निदान एक दिवसाची मुदत मिळाली. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज परत केले, तर दंड न भरता कर्ज मोडता येते. शासनयंत्रणेने बचत गटाच्या बैठकीतला तो मधला वेळ कायद्याने परत आणण्याचा प्रयत्न केला आहे. दुर्दैवाने ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते आणि बेकायदेशीर ॲपवर ती चालतही नाही.

शेअर बाजारातील वायदे व्यवहारांची गोष्ट फारशी निराळी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकेकाळी दलालाला फोन करावा लागे. आता हिरवे आणि लाल बटण पुरते. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, त्याचे कारणही अनेक घरांना सांगायची गरज नाही.

मग सोपेपणा नकोच का? असा अर्थ कोणी काढू नये. सात-बाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात घातलेल्या खेपा ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांना त्या दिवसांत परत पाठवण्याचा विचार कोणी सज्जन माणूस करणार नाही. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला; त्या एका सोयीने किती हेलपाटे, किती मजुरीचे बुडालेले दिवस आणि किती ‘चहापाणी’ वाचले! निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला देण्यासाठी थरथरत्या पायांनी बँकेची पायरी चढावी लागत असे. आता तो दाखला घरातून देता येतो. अशा अडथळ्यांनी कोणालाही शहाणे केले नव्हते. ते केवळ दुर्बलाला वाकवत होते. आपला हक्क मिळवण्याची वाट जितकी सोपी तितकी चांगली. आपल्यावर दायित्व येणार असेल, आपले काही जाणार असेल किंवा दुसऱ्याच्या वाट्याचे आपल्याकडे येणार असेल, तिथे पाऊल उचलावे लागले पाहिजे. आज नेमके उलटे घडताना दिसते. वर्गणी सुरू करायला एक स्पर्श. बंद करायची तर पाच पाने, दोन प्रश्न आणि एक विनवणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचना नावानिशी निषिद्ध ठरवल्या. बाहेर पडणे मुद्दाम अवघड करणे ही त्यांतील एक.

लातूरच्या पालकांच्या मनात मात्र याहून जवळची काळजी असणार. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून जी अध्यापनपद्धती प्रसिद्धीस आली, तिच्यात जादू नव्हती. वारंवार चाचण्या, प्रश्नपत्रिका सोडवणे, चुकलेले पुन्हा सोडवणे, असा तो रोजचा घाम होता. आता गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसह समोर येते. विद्यार्थ्याला ते समजतेही, किंवा समजल्यासारखे वाटते. तीस मिनिटे अडून बसलेला मुलगा त्या अर्ध्या तासात चार चुकीच्या वाटा तपासून परततो. त्या वाटा का चुकीच्या, हे त्याला नंतर कोणी सांगावे लागत नाही. फोटो काढणाऱ्याला फक्त बरोबर वाट दिसते, आणि प्रश्न थोडा वळवून विचारला की तो थांबतो. नीटची परीक्षा २०२५ सालीही कागदावर आणि पेनाने झाली. मोबाइल फाटकाबाहेर राहिला. नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांत राहणाऱ्या मुलांसाठी काही घरांनी साधा नियम केला आहे, की आधी वहीत प्रयत्न, त्यावर वेळ लिहायची, आणि मगच उत्तर पाहायचे. मुलाला उत्तर नाकारलेले नाही. थोडे उशिरा दिले आहे. (संध्याकाळी रील पाहणाऱ्या वडिलांनाही असाच एखादा नियम लागू करण्यास हरकत नसावी. न संपणाऱ्या पडद्याची ही युक्ती २००६ मध्ये आझा रास्किन यांनी शोधली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.)

आता पुन्हा शेताकडे. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभे राहून, तेथूनच पिकाचे छायाचित्र घ्यायचे असते. घरात बसून ते होत नाही, हेच तिचे बळ आहे. शासकीय पडिकावर सोयाबीन उगवल्याचे दाखवायचे तर निदान तिथवर चालत जावे लागेल आणि छायाचित्रात पडिकच येईल. तिच्यातही अडचणी आहेत. शेवटच्या दिवसांत सर्व्हर मंदावतो. किनवट-माहूरच्या डोंगराळ गावांत रेंज मिळत नाही. साधा मोबाइल वापरणारा म्हातारा शेतकरी दुसऱ्यावर विसंबतो. हे अडथळे काढायलाच हवेत. शेतात उभे राहण्याची अट मात्र राहू द्यावी.

गावोगावी अर्ज भरताना मदतीला बसणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम इथेच आहे. रांग मोठी असते, केंद्रचालकाला घाई असते आणि शेतकरी ‘तुम्हीच बघा, साहेब’ म्हणून अंगठा पुढे करतो. त्या वेळी अर्ज पाठवण्याआधी पडद्यावरचा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, पीक कोणते, बँक खाते कोणाचे. ‘बरोबर आहे का, काका?’ असे विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहावी. पावतीची छापील प्रत त्याच्या हाती द्यावी, मोबाइलमधला फोटो पुरेसा मानू नये. आणि नुकसान झाल्यास यंदाच्या नियमाप्रमाणे काय करायचे, कोणाला कळवायचे, ते त्या पावतीच्या मागे पेनाने लिहून द्यावे. प्रत्येक अर्जामागे तीन-चार मिनिटे अधिक लागतील. रांग थोडी लांबेल.